टॅपेट कव्हरखाली गाळ दिसतोय: फ्लश मारावा, डिझेलने धुवावं की चेंबर उतरवावं?

सातपूर_डिझायर

गाडी डिझायर पेट्रोल, २०१३ची, १.२ के-सिरीज इंजिन, १,१८,००० किमी. सेकंडहँड घेतली आहे, आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद मिळाली नाही. वापर मुख्यतः घर ते सातपूर एमआयडीसी, एका बाजूने ३ किमी. महिन्यातून एखादी मुंबई फेरी.

आत्ताची अवस्था अशी. ऑइल भरायच्या तोंडातून टॉर्च मारली की कॅमशाफ्टच्या शेजारी गडद तपकिरी थर दिसतो. बोटाने पुसला तर निघतो, पण खाली धातूवर तांबूस डाग राहतो. पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय जमते. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद टायमिंगच्या साखळीची (क्रँकवरून कॅम फिरवणारी) खरखर, मग शांत. ऑइलचा दिवा चालू गाडीत कधी लागलेला नाही. ५,००० किमीत साधारण अर्धा लिटर ऑइल कमी होतं. धूर नाही.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक: जुनं ऑइल काढून दोन-अडीच लिटर डिझेल टाकायचं, इंजिन दहा मिनिटं चालवायचं, काढायचं, नवीन ऑइल भरायचं. दोन: ३०० मिलीचा फ्लशचा डबा, म्हणजे ऑइलमध्ये ओतून इंजिन आतून धुवायचं द्रव. तीन: फ्लश, पेट्रोलमध्ये टाकायचं क्लीनर आणि हायड्रोजन मशीनने डिकार्ब (आतला कार्बन काढणं) असं पॅकेज.

यातलं नेमकं काय करावं आणि कोणत्या क्रमाने?

क्रँकपिन

डिझेल अजिबात नको, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर.

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ पडदा असतो आणि सगळा भार त्या पडद्यावर पेललेला असतो. तो टिकतो ऑइलच्या घट्टपणावर. ५डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये असावा लागतो. डिझेलचा मानकातला घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक आहे, तोही ४० अंशाला. गरम इंजिनात तो आणखी उतरतो. म्हणजे नुसत्या डिझेलवर इंजिन चालवलं की बेअरिंग, कॅम आणि पिस्टन धातूला धातू घासत चालतात. आवाज लगेच येत नाही, म्हणून काही झालं नाही असं वाटतं. बेअरिंगच्या वरच्या मऊ थरावर ओरखडे मात्र उठलेले असतात.

दुसरी गोष्ट, ते डिझेल पूर्ण बाहेर येत नाही. ऑइलच्या वाहिन्या, पंप, हेडमधले (इंजिनाच्या वरच्या भागातले) खळगे, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) तळ यांत मिळून दोन-तीनशे मिली तरी मागे राहतं. तुमच्या इंजिनात फिल्टरसकट जेमतेम ३.१ लिटर ऑइल बसतं. त्यात २५० मिली डिझेल म्हणजे आठ टक्के. नवीन ३० ग्रेडचं ऑइल पहिल्याच दिवशी एक पायरी पातळ झालं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. डिझेल गाळ विरघळवण्यापेक्षा सोडवतं जास्त. सुटलेल्या खपल्या चेंबरच्या तळाशी येतात आणि तिथे ऑइल पंपाच्या पिकअपला, म्हणजे ऑइल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला, बारीक जाळी असते. जाळी तुंबली की पंप रिकामा ओढतो. ही जाळी फिल्टरच्या आधी येते, त्यामुळे नवीन फिल्टर बसवून काही उपयोग नाही. ऑइलचा दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

रॉकेलचंही तेच.

टॅपेट_क्लिअरन्स

क्रँकपिन यांच्याशी सहमत. पण फ्लशच्या डब्याकडे वळण्याआधी गाळ का झाला ते शोधा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच दिसेल.

तुमचा ३ किमीचा प्रवास हेच अर्धं उत्तर आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, उतरते. इंजिन तापलेलं असेल तर ती पीसीव्ही व्हॉल्व्हमधून बाहेर ओढली जाते. तीन किमीत रेडिएटरचं पाणी तापतं, पण ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. मग वाफ आतच थिजते, न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं, त्यातून आम्ल बनतं आणि ऑइलमधली सफाईची रसायनं त्याच्याशी झगडण्यातच खर्ची पडतात. झाकणाखालची साय म्हणजे हेच थिजलेलं पाणी आणि ऑइल. फक्त झाकणाला साय असेल, पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी कमी होत नसेल तर हेड गॅस्केटची भीती नको. पट्टीवरही दुधाळ दिसलं तर मात्र फ्लशचा विषयच सोडा, आधी हेड तपासा.

आता या गोष्टी पाहा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडच्या गॅरेजांत फार जुनी सवय आहे. सेकंडहँड गाडीत तो आहे की नाही हे गृहीत धरू नका. ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) साधा स्कॅनर लावा आणि १५ मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा. कूलंटचं तापमान ८० ते ९५च्या आसपास स्थिर राहायला हवं. ६०-६५लाच घोटाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. अशा इंजिनात ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त मारत राहतो आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह. काढून कानाशी धरून हलवा, आतला तुकडा खुळखुळला पाहिजे. एका बाजूने फुंकर जायला हवी, दुसऱ्या बाजूने नको. नळीच्या आतही बोट फिरवून बघा, तिथे काळा चिकट लोणीगोळा सापडतो. हा छोटा भाग तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठतो, सीलमधून ऑइल झिरपायला लागतं आणि रिंगांवरून वरही चढतं. तुमचं अर्धा लिटर त्यात जात असू शकतं.

मग ऑइलच्या थेंबाची चाचणी. गरम इंजिनच्या पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या फिल्टर पेपरवर टाका. पेपर आडवाच ठेवा, पण थेंबाखाली टेबल टेकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी पाहा. काळेपणा मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिकट होत गेला असेल तर ऑइल अजून काजळी पेलतंय. मध्ये काळाकुट्ट ठिपका आणि बाहेर एकदम फिकट वर्तुळ असेल तर त्याची ताकद संपली. कड फाटल्यासारखी दातेरी असेल तर पाणी.

फ्लश की चेंबर, याचा माझा निकष सोपा आहे. धातूवर नुसता पिवळसर-तांबूस रंग असेल, नख लावून काही निघत नसेल, तर काहीच करू नका. तो वार्निशचा थर आहे, गाडी त्यावर आयुष्यभर चालते. बोटाने पुसला जाणारा पातळ थर असेल तर कमी अंतराने ऑइल बदलत राहा, हवं तर एकदा फ्लश. पण स्क्रू ड्रायव्हरने खरवडून ढेकळं निघत असतील, थर दोन-तीन मिलिमीटरचा असेल, तर डब्यातलं कोणतंही द्रव टाकू नका. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं मोठं झाकण) आणि चेंबर, दोन्ही उतरवून हाताने साफ.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही मधल्या पायरीवर आहात. टॅपेट कव्हर उघडून एकदा खात्री करा. ऑइल भरायच्या तोंडातून दिसतो तो फार छोटा भाग असतो.

ऑइल_पट्टी

फ्लश करायचाच ठरला तर कसा करावा ते लिहितो. डब्यावर काय छापलंय ते आधी वाचायचं, वेळ आणि प्रमाण तिथलंच खरं.

हे डबे दोन जातीचे येतात. एक झटपट: पातळ पेट्रोलियम द्रावक आणि डिटर्जंट, ऑइल बदलायच्या आधी पाच ते पंधरा मिनिटं. दुसरा सावकाश: ऑइलमध्ये टाकून काही शे किमी गाडी चालवायची. गाळ असलेल्या इंजिनाला सावकाशीचं मला जास्त पटतं, कारण खपल्या एकदम सुटत नाहीत. पण दुकानात बहुतेक ठिकाणी पहिलीच जात मिळते.

झटपट फ्लशसाठी गाडी आधी वीसेक मिनिटं चालवून आणा, ऑइल खरंच तापायला हवं. सपाट जागी उभी करा, बंद करा, पाच मिनिटांनी पट्टी बघा. ऑइल वरच्या खुणेवर असेल तर ३०० मिली ओतल्यावर पातळी वर जाईल आणि क्रँक ते घुसळून फेस करेल. फेसात हवा असते आणि हवेने बेअरिंगला वंगण मिळत नाही. म्हणून तेवढं ऑइल आधी काढून घ्या. तुमच्या गाडीत तसंही अर्धा लिटर कमी झालेलं असेल तर ते तसंच राहू द्या, फ्लशला जागा झाली.

डबा ओतून इंजिन स्टार्ट. फक्त आयडलवर. एसी बंद, रेस अजिबात नाही, गाडी जागची हलवायची नाही. ऑइल या वेळी पातळ झालेलं आहे, भार टाकला तर डिझेलवाल्यांचीच चूक आपण छोट्या प्रमाणात करतो. या दहा मिनिटांत ड्रायव्हर सीटवर बसून ऑइलच्या दिव्याकडे पाहत राहायचं, चहाला जायचं नाही. दिवा लुकलुकला किंवा टकटक सुरू झाली तर त्याच क्षणी चावी बंद, आणि पुढचं काम चेंबर उतरवणं.

वेळ झाली की बंद करून लगेच ड्रेन बोल्ट उघडा, गरम असतानाच. हातमोजे घाला, ऑइल चटका देतं. धार संपल्यावर घाई नको, थेंब थांबेपर्यंत अर्धा तास तरी द्या. गाडी जॅकवर तिरकी असेल तर शेवटचं पावशेर ऑइल कोपऱ्यात अडून राहतं, आणि नेमकं तेच सगळ्यात घाण असतं. जुना फिल्टर फ्लश होईपर्यंत ठेवायचा आणि ऑइलबरोबर काढायचा. ड्रेन बोल्टचा वायसर नवीन घ्या. या इंजिनात बोल्ट ३५ न्यूटन-मीटरला आवळतात. लांब पान्याने अंदाजाने ओढून चेंबरचे आटे गेलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. नवीन फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइल लावा आणि रिंग टेकल्यावर हाताने पाऊण वेढा, बस.

फिल्टर साखळीच्या खरखरीसाठीही महत्त्वाचा आहे. चांगल्या फिल्टरमध्ये गाडी बंद असताना ऑइल मागे न जाऊ देणारी रबरी झडप असते. स्वस्त नकली फिल्टरमध्ये ती कडक झालेली किंवा नीट न बसणारी असते, मग रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी टेन्शनरला (साखळी ताणून धरणाऱ्या भागाला) दाब मिळायला दोन-तीन सेकंद लागतात. हा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो. फ्लशच्या आधी फिल्टर बदलून बघण्यासारखा आहे.

नवीन ऑइल भरल्यावर ते १०,००० किमीपर्यंत नेऊ नका. १,००० किमीला फिल्टरसकट पुन्हा बदला. तोपर्यंत मॅन्युअलमधल्या ग्रेडचं साधं ऑइल पुरेसं, महागडं नंतर.

बेल्ट_चेन

एक इशारा, डिझायरला लागू नाही पण दुसरं कुणी हे वाचून डबा विकत घेईल म्हणून. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो त्यांत द्रावकाचा फ्लश वापरू नका. आपल्याकडे इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट आणि नंतरचं १.५ ड्रॅगन ही त्यातली. द्रावकाने बेल्टचं रबर फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटून पुन्हा त्याच पिकअपच्या जाळीत जातात. अशा गाडीत ठरलेलं ऑइल वेळेवर बदलणं एवढीच सफाई.

आणि बाइकवाल्यांनी कारच्या ऑइलमध्ये टाकायची घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह टाकू नयेत. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

सातपूर_डिझायर

तपासून आकडे देतो.

स्कॅनरवर कूलंट ६२ ते ६६, त्र्यंबक रोडला २० मिनिटं चालवूनही. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅट नाहीच. पीसीव्ही हलवून आवाज येत नाही, पूर्ण चिकटलेला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारखं, एक बारच्या आत फरक. थेंबाच्या चाचणीत मध्ये काळा ठिपका, बाहेर फिकट.

टॅपेट कव्हर उघडलं. मधल्या भागात पुसण्याजोगा थर, पण मागच्या कोपऱ्यात, जिथे हेडमधून ऑइल खाली उतरतं त्या भोकांच्या कडेला, डांबरासारखा जाड गोळा आहे. स्क्रू ड्रायव्हर लावला तर ढेकूळ निघतंय. पुढे हात लावला नाही.

टॅपेट_क्लिअरन्स

हात लावला नाहीत हे छान केलंत. त्या भोकांतून पडलेलं ढेकूळ थेट चेंबरात जातं.

थर्मोस्टॅट रिकामा आणि पीसीव्ही बंद, म्हणजे कारण मिळालं. दोन्ही नवीन बसवा आणि कूलंट योग्य प्रमाणात मिसळून भरा, नुसतं नळाचं पाणी नको. पण परतीच्या भोकांशी जाड गाळ म्हणजे चेंबरातही तो असणार. फ्लशचा विचार सोडा. चेंबर उतरवा.

हेडपासून सुरुवात करा, चेंबर नंतर. म्हणजे वरून जे पडेल ते उतरवलेल्या चेंबरबरोबर बाहेर येईल. परतीच्या भोकांत कापडाचे बोळे घाला आणि किती घातले ते लिहून ठेवा, एखादा आत राहणं फार सोपं असतं. गाळ प्लास्टिकच्या पट्टीने उचला, कॅमच्या जर्नलजवळ (कॅम टेकून फिरतो त्या गुळगुळीत भागाजवळ) धातूची हत्यारं नकोत. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट इथे अजिबात वापरायचं नाही, त्याचे दोरे पिकअपच्या जाळीला गुंडाळतात. फवारा मारून धुवायचा मोह टाळा. जेवढं हाताने निघतं तेवढंच काढायचं, तांबूस डाग तसाच राहू द्यायचा.

मग ऑइल काढून चेंबर. गाडी जॅकस्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. बोल्टांना बहुतेक १० नंबरचा पाना लागतो. या चेंबरला कागदी पॅकिंग नसतं, सीलंटने चिकटवलेलं असतं. म्हणून बोल्ट काढल्यावरही ते हलत नाही. मध्ये पहार घालून उचकटलंत तर कड वाकते आणि मग ते गळतच राहतं. सीलंट कापायची पातळ पात येते, ती ठोकत कडेने फिरवायची.

चेंबर हातात आलं की उलटं करण्याआधी तळाकडे नीट बघा. काळा लगदा असेल तर तो गाळ. बोटांत चुरडून बघा. पावडर झाली तर कार्बन. चमचमलं तर चुंबक लावा: चिकटलं तर लोखंड, म्हणजे साखळी किंवा कॅम. न चिकटणारी चांदीसारखी किंवा तांबूस चमक असेल तर बेअरिंग, आणि तिथे काम थांबवून बेअरिंग कॅप उघडावी लागेल. मऊ, रबरासारखे करडे-काळे तुकडे मिळाले तर ते आधी कुणीतरी लावलेलं जास्तीचं सीलंट.

पिकअपची जाळी काढून रॉकेलमध्ये बुडवा, ब्रशने घासा आणि हवेने उलट्या बाजूने फुंका. उजेडाकडे धरल्यावर प्रत्येक भोक दिसायला हवं. परत बसवताना तिची ओ-रिंग नवीनच घ्या. हा एवढासा भाग लोक विसरतात. जुनी रिंग कडक झालेली असते, तिथून पंप हवा ओढतो आणि इतकं सगळं करून ऑइलचा दाब आधीपेक्षा कमी मिळतो.

दोन्ही कडांवरचं जुनं सीलंट पूर्ण काढा, थिनरने पुसून कोरडं करा. नवीन सीलंटची तीनेक मिलिमीटरची सलग धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर गळणार नाही असं वाटतं, पण आवळल्यावर जास्तीचं आत दाबलं जातं आणि वाळून तुटून जाळीवर येतं. बोल्ट ११ न्यूटन-मीटर, मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत. सीलंट पूर्ण वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. बहुतेकांना २४ तास लागतात, तोपर्यंत ऑइल भरू नका.

पहिल्यांदा स्टार्ट करताना फ्यूल पंपाचा फ्यूज काढून पाच-पाच सेकंद दोन-तीनदा सेल्फ मारा, दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावून स्टार्ट.

इंजेक्टर_स्प्रे

पॅकेजमधल्या बाकीच्या दोन गोष्टींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

पेट्रोलच्या टाकीत टाकायचं क्लीनर ऑइलच्या बाजूला काहीही करत नाही. ते इंजेक्टर, इनटेक व्हॉल्व्हची पाठ आणि थोडंफार पिस्टनचा माथा, एवढंच धुतं. गाळाचा प्रश्न त्याने सुटणार नाही. पण ते निरुपयोगीही नाही. बाटलीवर पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, आहे का पाहा. इंजिनाच्या उष्णतेत टिकून कार्बन सोडवणारं रसायन म्हणून ते ओळखलं जातं. नुसतं 'ऑक्टेन बूस्टर' किंवा 'मायलेज वाढवा' लिहिलेल्या बाटल्यांत बऱ्याचदा ते नसतं. तुमच्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल मारतो, त्यामुळे क्लीनर व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. वापरायचं असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात भरलेल्या टाकीत टाका आणि ती टाकी लांबच्या प्रवासात संपवा. ३ किमीच्या फेऱ्यांत संपवली तर न जळलेला भाग ऑइलमध्येच उतरेल. म्हणून क्रमही महत्त्वाचा: आधी क्लीनरची टाकी, मग ऑइल बदल. उलटं नको.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत, १.० टीएसआय वगैरे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्हच्या पाठीला लागतच नाही. तिथे टाकीतलं क्लीनर फक्त इंजेक्टरचं टोक धुतं. व्हॉल्व्हवर जाड कार्बन बसला असेल तर इनटेक उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने ब्लास्टिंग करतात, आणि तेच खरं काम करतं.

हायड्रोजन डिकार्बवर मी पैसे घालणार नाही. मशीन अर्धा तास इनटेकमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडतं, आयडलवर. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आग कधी लागतच नाही, मग तिथला कार्बन जळणार कुठून? आणि रिंगांच्या खाचांपर्यंत तो वायू पोचत नाही. करायचंच असेल तर आधी आणि नंतर प्लगच्या भोकातून बोरस्कोपने फोटो मागा. डिकार्बपेक्षा थ्रॉटल बॉडी उतरवून स्प्रे आणि मऊ ब्रशने पुसली तर आयडल जास्त सुधारतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नका, आतले गियर तुटतात.

रत्नागिरी_डीडीआयएस

याच धाग्यात विचारतो. स्विफ्ट १.३ डीडीआयएस, २०१५, १,६२,००० किमी. ऑइल बदलल्यावर दोन दिवसांत काळं होतं, म्हणून फ्लश सुचवलाय. ॲव्हरेज थोडं कमी, पिकअप १,८०० आरपीएमच्या खाली मंद.

क्रँकपिन

डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळं होणं हे घाणीचं लक्षण नाही. काजळी बारीक करून स्वतःत तरंगत ठेवणं हे ऑइलचं काम आहे आणि ते करतंय म्हणून ते काळं आहे. ऑइल काळं होत नाही पण टॅपेट कव्हरखाली थर वाढतोय, असं असतं तर काळजी.

या इंजिनात टर्बो आहे. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि बारीक नळीतून येणाऱ्या ऑइलवर तरंगते. फ्लशने पातळ झालेलं ऑइल आणि सुटलेली एखादी खपली, दोन्ही तिला महाग पडतात. साखळीचा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच. म्हणून फ्लश नको, ऑइल ७,५०० किमीला बदला.

मंद पिकअप बहुधा हवेच्या बाजूचं आहे. ईजीआरमधली (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेतली) कोरडी काजळी आणि क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल इनटेकमध्ये एकत्र येऊन डांबर होतं. ईजीआर व्हॉल्व्ह आणि थ्रॉटलचा भाग उतरवून बाहेर साफ करा. इंजिन चालू ठेवून डिझेलच्या इनटेकमध्ये क्लीनरचा फवारा कधीही मारू नका. डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं, आरपीएम हाताबाहेर जातो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. इंटरकूलरच्या रबरी नळ्या चिरल्यात का तेही बघा, जोडाशी ऑइलची ओल दिसते. मग इंजेक्टरची परतीच्या डिझेलची बाटली-चाचणी: चार नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, ठरावीक वेळ चालवायचं, एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त भरलं तर तो इंजेक्टर घसरलाय. त्यावर बाटलीतलं औषध नाही. कोकणातल्या पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला विसरू नका.

डिझेलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घालायची सवय असेल तर निदान डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस६ गाडीत ती सोडा. राख फिल्टरमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

सातपूर_डिझायर

काम झालं. चेंबरच्या तळाशी बोटभर काळा लगदा, जाळीचा साधारण एक तृतीयांश भाग बंद. चमक नाही, चुंबकाला काही चिकटलं नाही. करड्या सीलंटचे दोन तुकडे मात्र जाळीवर होते. थर्मोस्टॅट, पीसीव्ही, ओ-रिंग, फिल्टर नवीन, ऑइल ५डब्ल्यू-३० एपीआय एसपी. कूलंट आता ८६ ते ९०. सकाळची खरखर एका सेकंदाच्या आत आली आहे. पुढचं ऑइल कधी? आणि फिल्टर कापून बघायचा तर कसा?

ऑइल_पट्टी

पहिला बदल १,००० किमीला, दुसरा ३,०००ला, मग दर ५,००० किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. तुमचा वापर मॅन्युअलमधल्या कठीण परिस्थितीच्या तक्त्यात बसतो, १०,०००चा आकडा तुमच्यासाठी नाही. आठवड्यातून एकदा तरी सलग ३०-४० किमी चालवा, पाणी उडून जाईल.

फिल्टर करवतीने कापू नका, करवतीचा भुसाच आत पडतो आणि बेअरिंग गेलं असं वाटतं. रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या, मग पत्रा कापायच्या कात्रीने किंवा फिल्टर कटरने वरची कड फिरवून काढा. कागद सुरीने दोन्ही टोकांना कापून घड्या पांढऱ्या ताटात पसरा, थोड्या पेट्रोलने खळबळवा. हे मोकळ्या हवेत, जवळ बिडी-सिगारेट नको. पहिल्या फिल्टरमध्ये काळे कण भरपूर दिसतील, तो राहिलेला गाळ आहे. तिसऱ्यात घड्यांच्या मधला मूळ रंग दिसायला लागला की थांबा. जुनं ऑइल गटारात नको. गॅरेजमध्ये बॅरल असतो, त्यात द्या.

खरखर ३,००० किमीनंतरही राहिली तर टेन्शनर काढून त्याचा दांडा किती बाहेर आलाय ते बघा. फार बाहेर असेल तर साखळी लांबली आहे, आणि मग साखळी, टेन्शनर, गाइड असा पूर्ण संच एकदम बदलायचा.